ठिपक्यांचा कुत्रा आणि त्याचा मुतखडा

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी काही विज्ञान शिकून केलेली नाही. चार पिढ्यांची गुरे डोळ्यांसमोर वाढताना त्यांनी पाहिली, आणि जे दिसले ते तीन शब्दांत सांगून टाकले. आजही बाजारात गाय घेताना शेतकरी तिची आई किती दूध देत होती, हे विचारल्यावाचून राहत नाही. पण तोच मनुष्य शहरात राहायला आला आणि मुलांच्या हट्टापायी कुत्रा घ्यायला निघाला, की त्याचे प्रश्न बदलतात. ‘जातिवंत आहे ना? कागद आहेत ना? ठिपके नीट गोल आहेत ना?’ एवढे विचारून तो पैसे मोजतो. पिलाची आई कुठे आहे, बाप कोणत्या दुखण्याने गेला, हे विचारायचे त्याला सुचतच नाही. ‘जातिवंत’ या एका शब्दात सगळे आले, अशी त्याची समजूत असते.

श्रोतेहो, ‘जातिवंत’ आणि ‘निरोगी’ हे दोन शब्द एकच नव्हेत. कधीकधी तर ते एकमेकांच्या वाटेत उभे राहतात. ते कसे, हे सांगण्यासाठी कुत्र्याच्या एकाच जातीची हकिकत मी निवडली आहे. ती जात म्हणजे डाल्मेशियन.

हा कुत्रा तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. प्रत्यक्ष नाही तर चित्रात. १९६१ साली डिस्ने यांच्या चित्रपटाने तर तो जगभरच्या मुलांच्या ओळखीचा करून टाकला. पांढरे अंग आणि त्यावर काळे नाहीतर तपकिरी ठिपके. मौज अशी की पिलू जन्मते ते पांढरेच. ठिपके दहा-पंधरा दिवसांनी उमटू लागतात. एके काळी इंग्लंडात श्रीमंतांच्या घोडागाडीबरोबर मैलोगणती पळणारा हा कुत्रा. अमेरिकेत तो आगीच्या बंबांबरोबर धावू लागला. अंगाने काटक, स्वभावाने चपळ. वरून पाहिले तर काही उणे नाही.

उणे आहे ते आत, आणि ते त्याच्या लघवीत दिसते.

आपण जे अन्न खातो त्यात प्यूरिन नावाची द्रव्ये असतात. मांसात, विशेषतः काळीज आणि गुर्दा यांत, ती पुष्कळ असतात. ती मोडली की शरीरात यूरिक आम्ल तयार होते. कुत्र्याच्या यकृतात या यूरिक आम्लाचे अलँटॉइन नावाच्या दुसऱ्या पदार्थात रूपांतर होते. अलँटॉइन पाण्यात सहज विरघळते आणि लघवीवाटे निघून जाते. कुत्र्याच्या बाकीच्या बहुतेक जातींत हे काम बिनबोभाट चालते. डाल्मेशियनच्या लघवीत मात्र यूरिक आम्ल तसेच्या तसे, इतर कुत्र्यांच्या कित्येक पट, बाहेर पडते.

आता कोणालाही वाटेल की त्याच्या यकृतात हे रूपांतर करणारे विकरच नसावे. पण तसे नाही, बरं का. विकर आहे आणि ते चांगले काम करते. अडचण निराळी आहे. गिरणी चालू आहे, पण दाराशी आलेली धान्याची पोती आत नेणारा हमाल नाही, अशी ही स्थिती आहे. रक्तातले यूरिक आम्ल पेशीच्या आत पोहोचविण्याचे काम एक विशिष्ट प्रथिन करते, आणि डाल्मेशियनमध्ये ते प्रथिनच सदोष असते. मूत्रपिंडातही हाच हमाल लागतो. तिथे तो लघवीत चाललेले यूरिक आम्ल उचलून परत रक्तात आणतो. तोही तिथे नाही. त्यामुळे यकृतात रूपांतर होत नाही आणि मूत्रपिंडात अटकाव होत नाही.

यूरिक आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही. त्याचे क्षार साचतात, कण होतात आणि कणांचे खडे बनतात. प्रत्येक डाल्मेशियनला खडा होतोच असे नाही. पुष्कळ कुत्री सारे आयुष्य त्रासाविना काढतात. पण ज्यांना होतो त्यांत नर फार. नराची मूत्रनलिका एका ठिकाणी हाडाच्या खोबणीतून जाते. तिथे ती फुगू शकत नाही, आणि खडा नेमका तिथेच अडकतो. मग तो मुका प्राणी पुन्हा पुन्हा पाय वर करतो, कुंथतो, थेंब थेंब पडतो किंवा काहीच पडत नाही. लघवी पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत विष अंगात भिनून कुत्रा दगावतो. म्हणून ज्यांच्या घरी डाल्मेशियन आहे त्यांनी हे लक्षण ओळखून ठेवावे आणि ‘उद्या बघू’ न म्हणता त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. हे खडे साध्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा दिसत नाहीत. सोनोग्राफी करावी लागते, हेही लक्षात असू द्या.

आता या दोषाच्या मुळाशी जाऊ.

प्रत्येक प्राण्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात. एक आईकडून, एक बापाकडून. काही दोष असे असतात की एक प्रत चांगली असली तर प्राणी धडधाकट राहतो. दोन्ही प्रती वाईट पडल्या तरच दोष प्रकट होतो. अशा दोषाला अप्रभावी म्हणतात. ज्याच्याकडे एक चांगली आणि एक वाईट प्रत असते तो वाहक. त्याला स्वतःला काही होत नाही. पण दोन वाहकांचा जोड लावला, तर सरासरीने चार पिलांत एक रोगी, दोन वाहक आणि एक पूर्ण निर्दोष निघते. मेंडेल यांनी वाटाण्याच्या झाडांवरून काढलेला हा हिशेब १८६६ साली छापून आला, आणि तो कुत्र्यालाही लागू आहे, माणसालाही. नंदुरबार-गडचिरोली भागांत सिकल सेलच्या रक्ततपासणीबद्दल तुम्ही ऐकले असेल. तिथेही हाच हिशेब आहे.

डाल्मेशियनचा हा दोष अप्रभावी आहे, हे अमेरिकेतील ट्रिंबल आणि कीलर या दोघा संशोधकांनी १९३८ साली दाखवून दिले. मग उपाय सोपा वाटतो. तपासणी करावी, चांगली प्रत असलेली कुत्री निवडावीत आणि त्यांच्यापासूनच पैदास करावी. पण इथेच खरी मेख आहे. निवडायला चांगली प्रत असलेला कुत्रा जातीत होताच कुठे? सगळ्या डाल्मेशियनांच्या दोन्ही प्रती सदोष होत्या. घरातल्या सगळ्याच डब्यांतले मीठ संपले असेल, तर एक डबा ठेवून दुसरा उघडल्याने काय होणार? शेजारणीकडे वाटी घेऊन जायलाच हवे.

आणि शेजारी जाण्याला तर मनाई होती! इंग्लंडातील केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला, अमेरिकेतील १८८४ साली. प्रत्येक जातीची वंशावळीची वही ठेवण्याची पद्धत तेव्हापासून पक्की झाली. वहीत नोंदलेल्या कुत्र्यांचीच पिले पुढे नोंदवायची, बाहेरचे रक्त घ्यायचे नाही, हा नियम. त्यामुळे जातीचे रूप टिकले, हे खरे. पण वही बंद झाली त्या दिवशी आत जे जनुक होते तेवढेच भांडवल राहिले. पुढे त्यात भर पडायची नाही. गळती मात्र होत राहायची. एखादा नर प्रदर्शनात पहिला आला की सगळे त्याच्याकडेच आपापल्या माद्या नेतात. दहा वर्षांनी पाहावे तो निम्मी जात त्याची नातवंडे. त्याच्या अंगात लपलेला दोषही मग घरोघर पोहोचतो. ठळक, सुटे ठिपके निवडता निवडता त्या गुणाच्या शेजारी बसलेला यूरिक आम्लाचा दोष नकळत जातभर पसरला असावा, असाही एक तर्क मांडला जातो.

आता शेजारच्या घरी वाटी घेऊन जाणारा गृहस्थ कोण, ते ऐका. इंडियाना विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील आनुवंशिकीचे अभ्यासक रॉबर्ट शायबल. त्यांनी १९७३ साली एका डाल्मेशियनचा एका पॉइंटर कुत्र्याशी संकर केला. एकदाच. पॉइंटरकडून त्यांना फक्त एक गोष्ट हवी होती; त्या जनुकाची चांगली प्रत.

पहिल्या पिढीतल्या प्रत्येक पिलाला बापाकडून एक, आईकडून एक, अशी एक चांगली आणि एक वाईट प्रत मिळाली. दोष अप्रभावी, म्हणून लघवी सगळ्यांची ठीक. रूप मात्र धड डाल्मेशियन नाही, धड पॉइंटर नाही. ही पिले मोठी झाल्यावर त्यांचा जोड पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशी लावला. आता निम्म्या पिलांत चांगली प्रत उतरली, निम्म्यांत नाही. लघवी तपासून चांगली निवडली, आणि त्यांचा जोड पुन्हा डाल्मेशियनशी. असे पिढ्यान् पिढ्या. यात पॉइंटरचा वाटा किती उरतो, ते मोजून पाहा. पहिल्या पिढीत निम्मा, दुसरीत पाव, तिसरीत आठवा, चौथीत सोळावा, पाचवीत बत्तिसावा. दहाव्या पिढीत तो हजारात एकाहूनही कमी होतो. रूप डाल्मेशियनचे, चाल डाल्मेशियनची, आणि लघवी मात्र निरोगी कुत्र्याची. दुधात विरजणाचा थेंब घालावा तसा हा प्रकार. फरक एवढाच की इथे दुधाचे दही झाले नाही, दूध दूधच राहिले.

तुम्हाला वाटेल, या माणसाचा सत्कार झाला असेल. तसे झाले नाही. १९८१ साली अमेरिकन केनेल क्लबने या वंशातल्या दोन कुत्र्यांची नोंद केली, आणि डाल्मेशियन पाळणाऱ्यांच्या मंडळात वादळ उठले. ‘ही संकरित कुत्री, आमच्या वहीत त्यांना जागा नाही,’ असे पुष्कळांचे म्हणणे पडले. पुढच्या नोंदी थांबल्या. तरीही काही मोजक्या लोकांनी, आपल्या कुत्र्यांना कागद मिळणार नाहीत हे ठाऊक असताना, तो वंश पिढ्यान् पिढ्या चालू ठेवला. श्रोतेहो, या कामात प्रदर्शनाचे बक्षीस नव्हते आणि पिलांना भावही नव्हता. होता तो फक्त एक विचार, की आपल्या आवडत्या जातीला हे दुखणे नको.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे निव्वळ अडाणीपणाचे होते, असे मात्र समजू नका. ते म्हणत, पॉइंटरबरोबर त्याचे दुसरे रोग आले तर? वहीवरचा विश्वास उडाला तर? आणि खाण्यापिण्याची पथ्ये पाळली तर खडे टाळता येतात, मग एवढा खटाटोप कशाला? यांतला पहिला प्रश्न रास्तच आहे. बाहेरचे रक्त घेताना ते तपासूनच घेतले पाहिजे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की वही प्राण्यासाठी असते, प्राणी वहीसाठी नसतो. आणि तिसऱ्याबद्दल काय सांगावे? पथ्य पाळणारा मालक प्रत्येक पिलाच्या नशिबी असतोच असे नाही.

पुढे विज्ञानाने साक्ष दिली. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी तो सदोष जनुक नेमका शोधून काढला. एसएलसीटूएनाइन असे त्याचे नाव. हाच दोष बुलडॉगमध्ये आणि ब्लॅक रशियन टेरियर या जातीतही सापडला. आणखी नवल म्हणजे माणसाच्या रक्तातले यूरिक आम्ल किती असावे, यातही याच जनुकाचा हात असतो. गाऊट म्हणून जो सांध्यांचा वेदनादायक विकार आहे त्याच्याशी त्याचा संबंध आहे. आता गालाच्या आतून घेतलेल्या बोळ्यावरून किंवा थेंबभर रक्तावरून सांगता येते, की या कुत्र्याच्या अंगी चांगल्या प्रती दोन आहेत, एक आहे की एकही नाही. २०१० साली इंग्लंडच्या केनेल क्लबने या वंशाला दार उघडले, २०११ साली अमेरिकन क्लबने. १९७३ ते २०११. एका वाटीभर मिठासाठी अडतीस वर्षे!

ही हकिकत ऐकून कोणी म्हणेल, ‘मग सगळ्याच वाहकांना आणि रोग्यांना पैदाशीतून काढून टाका, म्हणजे झाले.’ थांबा. आफ्रिकेतून आलेल्या बसेंजी या कुत्र्याची गोष्ट इथे आठवावी लागते. त्या जातीत रक्तक्षयाचा एक आनुवंशिक रोग होता. वाहक ओळखण्याची चाचणी निघाली तेव्हा पाळणाऱ्यांनी उत्साहाने वाहकांना सरसकट बाजूला काढले. रक्तक्षय हटला. पण आधीच लहान असलेले गोत आणखी लहान झाले, आणि मूत्रपिंडाचा फॅन्कोनी नावाचा दुसरा रोग ठळकपणे पुढे आला. शेवटी आफ्रिकेतून नवी कुत्री आणावी लागली, आणि १९९० साली अमेरिकेत त्यांच्यासाठी वही उघडावी लागली. म्हणून नियम असा लक्षात ठेवावा : वाहक चांगला असेल तर त्याला टाकू नका, निर्दोष जोडीदाराशी त्याचा जोड लावा. त्यांचे एकही पिलू त्या रोगाने आजारी पडणार नाही. मग पिलांतून निर्दोष तेवढी निवडीत जा. तांदूळ निवडताना आपण खडे काढतो, सूप उपडे करीत नाही.

डाल्मेशियनच्या बाबतीतही हाच इशारा आहे. सगळा निरोगी वंश त्या एका पॉइंटरपासून आलेला. उद्या सगळ्यांनी त्यातल्या दोन-चार नरांवरच गर्दी केली, तर एक दोष जाईल आणि दुसरा येईल. घाई करून चालणार नाही.

शिवाय या कुत्र्याचा दुसरा दोष अजून शिल्लक आहे, तो बहिरेपणाचा. अमेरिकेतील मोठ्या पाहण्यांत दर शंभर डाल्मेशियनांत सुमारे आठ दोन्ही कानांनी आणि सुमारे बावीस एका कानाने बहिरे आढळले. कानाच्या आतल्या भागाला नीट काम करण्यासाठी रंगपेशी लागतात, आणि अंग पांढरे करणारा जनुक त्या पेशींना तिथवर पोहोचू देत नाही. ज्या पिलाच्या अंगावर जन्मतःच मोठा काळा पट्टा असतो ते बहिरे असण्याचा संभव कमी. पण प्रदर्शनाच्या नियमाप्रमाणे असा पट्टा असलेले पिलू बाद! म्हणजे ज्याला ऐकू येण्याची खात्री अधिक, तेच आपण घराबाहेर काढतो. माणसाच्या आवडीचा हा न्याय पाहा.

सगळेच दोष असे एका जनुकाचे नसतात. लॅब्राडोर आणि अल्सेशियन यांच्या कमरेच्या सांध्याचा विकार अनेक जनुकांनी मिळून होतो. त्यात खाणे, वजन, व्यायाम यांचाही वाटा असतो. तिथे रक्ताच्या एका थेंबावर निकाल लागत नाही. आई-बाप दोघांच्या कमरेची क्ष-किरण चित्रे घेऊनच जोड ठरवावा लागतो. आणि पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याचे तर दुखणे लपलेलेही नाही. ज्या रूपाला आपण भुलतो तेच दुखणे आहे. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर आपल्याकडे पगची फार हौस आली. वैशाखात दुपारी दोनला घोरत, धापा टाकीत पडलेला पग पाहिला की ती हौस कोणाला किती महागात पडली, हे कळते.

आपल्या दख्खनमध्येही मुधोळ आणि कारवान या नावांनी ओळखली जाणारी सडपातळ, लांब पायांची शिकारी कुत्री आहेत. रानात सशामागे जो धावू शकेल त्याचीच पिले लोकांनी राखली. त्यामुळे या कुत्र्यांत चिवटपणा टिकला. आता त्यांचेही कागद होऊ लागले आहेत, प्रदर्शने होऊ लागली आहेत. ते चांगलेच आहे. पण कागद करताना वही फार लवकर, फार थोड्या कुत्र्यांवर बंद करू नये, आणि धावणाऱ्यापेक्षा नुसत्या दिसणाऱ्याला मान देऊ नये. इंग्रजांना दीडशे वर्षांनी आलेले शहाणपण आपल्याला फुकट मिळते आहे. ते का सोडा?

आता थोडे व्यवहाराचे सांगतो. पिलू घ्यायला जाल तेव्हा आधी त्याची आई पाहा. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. आई-बापांचे नाते विचारा. सख्ख्या भावाबहिणींचा किंवा बाप-लेकीचा जोड असेल, तर पिलाच्या जनुकांच्या पंचवीस टक्के जोड्यांत एकाच पूर्वजाची प्रत दुबार येण्याचा संभव असतो. चुलत-आते भावंडांत तो सव्वासहा टक्के. त्या जातीत कोणते रोग येतात ते पशुवैद्याला आधी विचारून ठेवा आणि त्यांच्या तपासण्यांचे कागद मागा. डाल्मेशियन असेल तर यूरिक आम्लाची जनुकचाचणी आणि कानाची चाचणी. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकायचे नसते आणि मादी किमान अठरा महिन्यांची असल्याशिवाय तिला गाभण करायचे नसते. हे विचारण्यात संकोच कसला? भाजी घेताना आपण भेंडी मोडून पाहतो!

घरात डाल्मेशियन आधीच असेल तर त्याला पाणी भरपूर द्या, लघवीला वारंवार बाहेर न्या, आणि लाड म्हणून काळीज-गुर्दा घालू नका. आणि त्याची पिले काढण्याची हौस असेल तर आधी चाचणी करा. घरी एक कुत्री आहे, शेजारी एक कुत्रा आहे, एवढ्यावरून जोड लावू नये.

कुत्रा आपला जोडीदार स्वतः निवडीत नाही. निदान जातिवंत कुत्रा तरी नाही. त्याच्या पिलांचे आरोग्य, त्यांचे दुखणे, त्यांचे आयुष्य हे सगळे आपण एका दुपारी, अंगणात उभे राहून ठरवितो. तो अधिकार आपण घेतला आहे, तेव्हा त्याची जबाबदारीही आपलीच. ठिपके गोल आहेत की नाहीत, हे आपले आपण पाहणारच. पण त्या पिलाला सुखाने पाय वर करता येईल की नाही, हे त्याच्या आधी पाहावे. कुत्र्याच्या दृष्टीने जातिवंतपणाची खूण तीच आहे.